औषधाच्या चाचणीत आमची बाई कुठे आहे?



अवसरी बुद्रुकच्या वस्तीत महिलांची बैठक संपत आली की एक दुखणं हळू आवाजात निघतं : लघवी लागली की आवरतच नाही. डॉक्टर याला अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. बाया त्याला बाळंतपणाचा, वयाचा भोग समजून झाकतात. हा भोग नाही, आजार आहे. त्यावर व्यायाम आहेत, सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारखी औषधं आहेत, नवीही येत आहेत.

पण ती तपासतात कशी? चाचणीतल्या बाईला सहसा तीन दिवसांची नोंदवही देतात. किती वेळा जावं लागलं, किती वेळा कपडे ओले झाले, हे तिने लिहायचं. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. बहुधा १२ आठवड्यांनी तुलना. या शास्त्रीय पद्धतीला आमचा विरोध नाही. प्रश्न वहीचा आहे. कांदा-बटाट्याच्या वावरात आडोसा नाही म्हणून जी मजूर बाई सकाळपासून पाणीच पीत नाही, तिच्या वहीत आकडा कमीच येणार. वही म्हणेल, बाई बरी आहे!

काही कार्यकर्ते म्हणतात, चाचण्यांना गावात पाय ठेवू देऊ नका. त्यांचा राग खरा आहे. खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देताना अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर ताशेरे ओढले. पण आपण दार बंद केलं, तर औषध दुसऱ्यांच्याच जगण्यावर बेतलं जाईल. बाबासाहेबांनी आपल्याला पळायला नाही, हक्क मागायला शिकवलं.

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीची माहिती तिला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा. चाचणी कधीही सोडता येते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. हे प्रत्येक वस्तीत सांगणं आपलं काम आहे. सोबत आपली मागणी : पाणी किती प्यायलं, आडोसा होता का, हेही वहीत लिहून घ्या. आणि औषध यशस्वी ठरलं तर ते सरकारी दवाखान्यात मोफत द्या.

तोवर वावरात, बाजारात बायांसाठी मुतारी मागायला कुठल्या चाचणीची वाट पाहायची? ती मागणी येत्या ग्रामसभेतच मांडा.