चित्र छान आहे, पण कुणाचं?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. घराची साफसफाई चालू होती आणि माळ्यावरची खोकी खाली उतरवायचं काम माझ्याकडे आलं (वर्क फ्रॉम होम करणारा म्हणजे घरात रिकामा बसलेला माणूस, असा आमच्याकडे ठाम समज आहे). तिसऱ्या खोक्यात आजोबांचे जुने दिवाळी अंक निघाले. कडा पिवळ्या, पिना गंजलेल्या, एकदोन अंकांना वाळवीनं आरपार भोक पाडलेलं. पण एका अंकाचं मुखपृष्ठ बघून मी तिथंच शिडीवर बसून राहिलो. घाटाच्या पायऱ्या, हिरवं लुगडं नेसलेली बाई, हातात तबक, आणि तबकातल्या दिव्याचा उजेड फक्त तिच्या हनुवटीपर्यंत पोचलेला. वरचा चेहरा जवळजवळ अंधारात. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरची बाई, आणि चेहरा अंधारात! आज एखाद्या क्लायंटला असं डिझाइन दाखवून बघा.

मोबाइल काढला, फोटो घेतला, चौकोनात बसावा म्हणून चारी बाजूंनी कापला आणि टाकून दिला. वर 'आजोबांच्या खजिन्यातून' असं काहीतरी लिहिलं. भरपूर बदाम मिळाले. खूश झालो, विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी तेच चित्र एका भलत्याच ग्रुपमधून मला परत आलं. मधोमध कुठल्याशा पेजचा शिक्का, आणि खाली 'दलालांची अजरामर कलाकृती'. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका जुन्या अंकांचे दर्दी. त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "अरे, ते खरंच दलालांचं आहे का? सही दिसत नाही."

सही होती हो. उजव्या कोपऱ्यात खाली, तिरपी, बारीक. ती मी चौकोनासाठी कापली. अंकाचं नाव वर होतं, तेही चौकोनाबाहेर गेलं. खोक्यात चार-पाच वेगवेगळे अंक होते, त्यातला हा कोणता ते आठवत नाही. मूळ फोटो फोनमधली जागा भरली म्हणून उडवलेला. आणि मूळ अंक? आईनं धनत्रयोदशीच्या आत सगळं खोकं रद्दीत घातलं. किलोच्या भावानं.

तेव्हा मंडळी, पुढं जी काही आदळआपट करणार आहे ती आधी माझ्या स्वतःच्या डोक्यावर.

मुद्दा असा की आपल्या पिढीला 'विंटेज'चं भारी वेड. कॅनॉटला कॉफी प्यायला जावं तर भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच दारूच्या जाहिराती फ्रेम करून लावलेल्या. सॉल बासची सिनेमाची पोस्टरं मला माहीत आहेत. पेंग्विन पुस्तकांवरचा तो पक्षी १९३५ साली एडवर्ड यंग नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून काढला, हेही माहीत आहे. का माहीत आहे? मी काही कला शाळेत शिकलो नाही, मी इंजिनियर. मला माहीत आहे कारण ज्या कुणी ती चित्रं पुढं पाठवली त्यानं खाली नाव, साल, प्रकाशक लिहिलं होतं. एवढंच. आणि तोच माणूस, म्हणजे तुम्ही-मीच, जुनं मराठी चित्र हाती आलं की काय लिहितो? 'गेले ते दिवस'. पुढं दोन बदाम.

बरं, नाव लिहिलंच तर एकच लिहितो. बाईचं चित्र दिसलं की दलाल! प्रोग्रॅममध्ये एखादी व्हॅल्यू दिली नाही की डीफॉल्ट लागते ना, तसं. आता दीनानाथ दलाल मोठेच होते. १९१६ साली मडगावला जन्म, मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, १९४५ साली स्वतःचं 'दीपावली' काढलं, १९७१ साली गेले, म्हणजे पंचावन्नसुद्धा पुरी नव्हती. पण रघुवीर मुळगावकर हा वेगळा माणूस आहे हो! तेही गोव्याचेच, दलालांहून दोन वर्षांनी लहान, १९७६ साली गेले. दोघांची चित्रं शेजारी ठेवून पाच मिनिटं बघा. दलालांचं चित्र रेषेवर उभं असतं. रेषा लवचिक, रंग तिच्या मागून येतात. मुळगावकरांकडे रेषा सापडतच नाही, स्प्रेनं रंग असा विरघळवलेला की गाल कुठं संपला आणि सावली कुठं सुरू झाली ते कळू नये. कॅलेंडरवरचे देव त्यांनी याच हातानं घरोघरी पोचवले. एकाचं चित्र दुसऱ्याच्या नावावर खपवणं हा दोघांचाही अपमान आहे, आणि तो आपण रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या आधी करतो.

आणि हे दोघं तर प्रसिद्ध. बाकीच्यांचं काय? वसंत सरवटे (१९२७ ते २०१६) हे नाव माझ्या ऑफिसात दहा जणांना विचारलं. दोघांना माहीत होतं, पैकी एकाला पु.लं.च्या पुस्तकातल्या चित्रांमुळे. सरवटे आपल्यातले, सिव्हिल इंजिनियर! एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी सांभाळून त्यांनी हे सगळं केलं. जयवंत दळवी 'ललित'मध्ये 'ठणठणपाळ' या नावानं सगळ्या साहित्यिकांची टोपी उडवायचे, त्या ठणठणपाळाला चेहरा आणि अंग दिलं ते सरवट्यांनी. शनिवार-रविवार काहीतरी लिहून स्वतःला क्रिएटिव्ह समजणाऱ्या माझ्यासारख्या कोडकाम्यानं खरं तर यांचा फोटो टेबलावर ठेवायला पाहिजे.

किंवा कमल शेडगे घ्या. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरी, आणि वर्षानुवर्षं मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं यांच्या हातची. नाटक ऐतिहासिक आहे का फार्स, ते नुसत्या अक्षरांच्या वळणावरून कळायचं. जाहिरातीच्या त्या दोन इंचांत सहीला कुठली जागा! २०२० च्या जुलैमध्ये ते गेले. तेव्हा बरेच जण हळहळले, आणि त्याच आठवड्यात जुन्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं बिननावाची फिरत होती.

आमच्या धंद्याचं तर विचारूच नका. विंडोजवर मराठी उमटायचं ते मंगल फॉन्टमध्ये. विंडोज २००० पासून आपण तो बघतोय, कंटाळून शिव्याही घातल्यात. तो र. कृ. जोशींनी केला. जाहिरात क्षेत्रात नाव काढलेला, आयआयटी मुंबईत शिकवलेला, अक्षरांवर जन्म घालवलेला माणूस, २००८ साली गेला. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेले रिझ्युमे देणाऱ्या किती जणांनी कधी विचारलं, की ही अक्षरं काढली कुणी?

यावर मित्राचं ठरलेलं उत्तर : "यार, इतकं सीरियस नको होऊस. लोक आनंदासाठी शेअर करतात. निदान चित्र टिकतंय तरी." मला हे उत्तर पूर्वी पटायचं. शेअर केल्यानं चित्र टिकतं हे खरंच आहे, आणि आपल्या शहरात राहणाऱ्यानं तरी ते नाकारू नये. अजिंठा आपल्यापासून शंभर किलोमीटर. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत बसला. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग १८७२ ते १८८५ जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनलाच, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्याही शंभरावर गेल्या. एकच कॉपी, एकाच ठिकाणी, बॅकअप नाही... दोनदा! कुठल्याही सिस्टिम ॲडमिनला घाम फुटेल. पुढं १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सनी दोन खंड छापले, ते ठिकठिकाणी गेले म्हणून आज निदान ते तरी बघायला मिळतात.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग ऐका. त्या नकला 'ग्रिफिथ्सच्या' म्हणून ओळखल्या जातात. तेरा वर्षं काम कुणी केलं? जे. जे.च्या पोरांनी. त्यातल्या पेस्तनजी बोमनजींचं नाव पुढं मोठं झालं म्हणून निदान ऐकू येतं, बाकीच्यांना कोण विचारतो? चित्र वाचलं आणि माणूस गेला, हे आपल्याकडे नवीन नाही. फक्त तेव्हा ते करायला साम्राज्य लागायचं, आता क्रॉपचं बटण पुरतं.

तर त्या काकांच्या प्रश्नानं डोक्यात किडा वळवळत होता म्हणून एका शनिवारी गावातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेलो. म्हटलं, जुन्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं बघू, सह्या बघू, कदाचित ती तिरपी सही ओळखू येईल. कपाटं उघडली. एकजात तपकिरी रेक्झिन! दीडशे-दोनशे पुस्तकं काढून पाहिली, मूळ मुखपृष्ठ हातावर मोजण्याइतकी.

ग्रंथपाल सर शांतपणे म्हणाले, "अहो, एक पुस्तक किती जणांच्या हातातून जातं! कव्हर पहिल्यांदा लोंबायला लागतं. बाइंडर ते काढतो, पुठ्ठा लावतो, रेक्झिन चढवतो. म्हणून तर पन्नास वर्षांचं पुस्तक तुमच्या हातात आहे. तुम्हाला पुस्तक पाहिजे का चित्र?"

उत्तर सुचलं नाही. माणूस बरोबर बोलत होता.

पण पुस्तकं चाळता चाळता एक लक्षात आलं. आतलं पान, जिथं मुद्रक-प्रकाशक-किंमत असते, ते बाइंडरनं ठेवलेलं असतं. आणि पुष्कळ पुस्तकांत तिथं छापलेलं आहे, 'मुखपृष्ठ : अमुक अमुक'. म्हणजे बघा, ग्रंथालयात नाव आहे आणि चित्र नाही. मोबाइलवर चित्र आहे आणि नाव नाही. एकाच माहितीची दोन टेबलं आणि जोडणारी की कुणीतरी उडवून ठेवलेली! ग्रंथालयानं निदान पुस्तक वाचवण्यासाठी चित्र टाकलं. आपण नाव टाकलं ते कशासाठी? चौकोन नीट दिसावा म्हणून.

कॉपीराइटची सबब सांगणारेही भेटतात. "नाव लिहिलं तर कुणी केस करेल." कमाल आहे. चोरी करायची आणि पत्ता लिहिला की पकडले जाऊ म्हणून तो खोडायचा. कायद्यानं मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं आहे. पैशाचा हक्क प्रकाशकाचा की वारसांचा हे वकील बघतील. पण १९५७ च्या त्याच कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकून टाकला तरी 'हे मी केलं' म्हणायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. नाव ही आपण मेहेरबानीनं द्यायची गोष्ट नव्हेच.

आणि आता तर आणखी एक भर पडली आहे. मागच्या महिन्यात ग्रुपवर '१९६० च्या दशकातलं दुर्मिळ दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ' आलं. सुंदर. मीही बदाम टाकला. मग झूम केलं तर अंकाच्या नावातली अक्षरं देवनागरीसारखी दिसणारी नुसती वळवळ... मशीननं काढलेलं! चाळीस जणांना आवडलं होतं. चूक त्यांची कशी म्हणू? नाव, साल, सही काहीच नसलेली खरी चित्रं बघायची आपण इतकी सवय लावून घेतली आहे की खोट्यात काही कमी आहे असं वाटलंच नाही.

मी काय करतो आता ते सांगतो, पटलं तर बघा. पूर्ण पान, चारी कडांसकट. सहीच्या कोपऱ्याचा एक वेगळा फोटो. आतल्या श्रेयाच्या पानाचा एक. नाव सापडलं नाही तर 'चित्रकार माहीत नाही' असं स्पष्ट लिहितो, दलाल लिहीत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र दाबून लहान करतं आणि फाइलमधली माहितीही गाळतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. एका चित्राला जेमतेम पाच मिनिटं जातात. ग्रंथपाल सरांना पण विचारून आलोय, बाइंडिंगच्या वेळी मुखपृष्ठ फेकण्याऐवजी आतल्या पुठ्ठ्याला चिकटवता येईल का. "बाइंडरला सांगून बघतो" म्हणाले. दोन आठवड्यांनी पुन्हा जाणार आहे.

आणि एक विनंती. घाटाच्या पायऱ्या, हिरवं लुगडं, हातात तबक, उजेड हनुवटीपर्यंत. तुमच्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत, कुठल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत हा अंक असेल तर कळवा. पान फाटकं असलं, वाळवी लागलेली असली तरी चालेल. फक्त फोटोत उजवा खालचा कोपरा आला पाहिजे.