घरबसल्या मतदान : सोय कोणाची?

निवडणूक जवळ आली की आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात एक प्रश्न हटकून विचारला जातो : बँकेचे व्यवहार मोबाइलवर होतात, रेल्वेचे तिकीट मोबाइलवर निघते, मग मत तेवढे इंटरनेटवरून का देता येऊ नये? प्रश्न गैर नाही. तासन् तास रांगेत उभे राहण्याचा त्रास आणि परगावी नोकरी करणाऱ्यांचे हुकणारे मत या तक्रारी खऱ्या आहेत. जून २०२५ मध्ये बिहारमधील काही नगरपालिका निवडणुकांत वृद्ध, अपंग, गर्भवती स्त्रिया व स्थलांतरित यांना मोबाइलवरून मत देण्याची मुभा मिळाली. तेव्हा ही गोष्ट आता केवळ कल्पनेतली राहिलेली नाही.

परंतु बँकेची उपमा फसवी आहे. पैसे कोणी कोणाला दिले याची नोंद हा बँकव्यवहाराचा प्राण. चूक झाली तर ती खातेउताऱ्यात सापडते. मताचे नेमके उलट आहे. ते कोणी कोणाला दिले हे कोणालाही कळता कामा नये, आणि तरीही मोजणी बिनचूक झाल्याची सर्वांची खात्री पटली पाहिजे.

ही गुप्तता श्रमिकांनी मागून घेतलेली आहे. इंग्लंडमधील चार्टिस्ट कामगारांच्या १८३८ च्या सनदेतील सहा मागण्यांपैकी ती एक होती. ब्रिटनमध्ये १८७२ साली तसा कायदा होईपर्यंत मत उघडपणे द्यावे लागे आणि कुळाचे मत कोठे पडले हे जमीनदाराला समजत असे. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे : मालाची पोच मिळत नसेल तर खरेदीदार पैसे टाकताना कचरतो. मतदान केंद्रातील तो पुठ्ठ्याचा आडोसा मताच्या बाजारात हेच काम करतो. पैसे घेणारा आत जाऊन कोणते बटन दाबतो हे देणाऱ्याला पाहता येत नाही. मत मोबाइलवर आले की पोच हातोहात मिळेल. समोर बसवून मत देववले की झाले.

यावर एस्टोनियाचा दाखला दिला जातो. तेथे २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होते आणि मार्च २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी पडली. दडपण आले तर मतदाराला मुदतीत मत बदलता येते. शेवटचे तेवढे धरले जाते. उपाय चतुर आहे. पण त्यासाठी स्वतःचे साधन आणि स्वतःचा एकांत लागतो. मराठवाड्यातील जे ऊसतोड जोडपे मुकादमाची उचल घेऊन फडावरच्या कोपीत राहते, त्याला हे दोन्ही कोठून मिळणार? घरात एकच मोबाइल आणि तो नवऱ्याच्या खिशात, अशा घरातील सुनेचे मत कोण देईल?

दुसरा प्रश्न विश्वासाचा. निवडणुकीने जिंकणाऱ्याचे समाधान होतेच. ते हरणाऱ्याचेही व्हावे लागते. एस्टोनियात २०२३ च्या मतमोजणीच्या रात्री कागदी मतांत आघाडीवर असलेला एक उजवा पक्ष इंटरनेटची मते मिळवल्यावर मागे पडला. त्याने निकालाला आव्हान दिले. न्यायालयाने ते फेटाळले. नॉर्वेने २०११ व २०१३ मध्ये प्रयोग करून २०१४ मध्ये ते थांबवले. मत उघड होईल ही मतदारांची भीती हे त्याचे एक कारण होते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये मतदान यंत्रांविषयी निर्णय देताना तत्त्वच सांगितले : निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, तज्ज्ञाच्या ज्ञानावाचून, पडताळता आले पाहिजेत. आपल्याकडे तर डोळ्यांसमोरच्या यंत्राविषयीही शंका आहेत. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये कागदी मतपत्रिकांवर गावापुरते फेरमतदान घेऊन पाहण्याचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. त्यांची शंका चूक की बरोबर हा प्रश्न वेगळा. पण शंका बंदोबस्ताने फिटत नाही. दूरच्या संगणकात होणाऱ्या मोजणीवर त्या गावाने विश्वास कसा ठेवावा?

याचा अर्थ स्थलांतरिताचे मत बुडू द्यावे असा नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले ते ऊसतोडणीच्या हंगामाच्या तोंडावर. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर व दिल्लीत विशेष मतदान केंद्रे उघडता येतात, तर साखर कारखान्यांच्या परिसरात का नाहीत? मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब मध्ये आहेच; ते तोडणीच्या फडापर्यंत, वीटभट्टीपर्यंत का पोहोचू नये? या मागण्यांसाठी संगणक लागत नाही, शासनाची इच्छा लागते.

रांगेत उभे राहणे कष्टाचे आहे, हे गुडघे दुखणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कोणी सांगायला नको. पण मालक आणि मजूर एकाच रांगेत उभे राहतात आणि आडोशामागे मजुराला मालकाची भीती उरत नाही, असा दिवस पाच वर्षांतून एखाददुसराच येतो. आपल्या सोयीसाठी त्याचा तो आडोसा काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.