ग्रीनची गिरणी आणि आपली दोरी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, दोस्तांनो. वरच्या दर्जाचं गणित म्हणजे वरच्या जातीचं गणित नव्हे. तसं आपल्या डोक्यात भरवलं गेलंय, आणि आपणही मुकाट भरवून घेतलंय. दहावी झाली की आपलं पोरगं म्हणतं, 'आपल्याला नाही बुवा झेपत.' मास्तर म्हणतो, 'तुमच्या घरात तसं वातावरण नसतं.' आणि चळवळीतलेच काही शहाणे म्हणतात, गणितबिणित पांढरपेशांचे चोचले, आपलं काम रस्त्यावर. हे तिघंही एकाच व्यवस्थेची चाकरी करताहेत, तीही फुकटात.

म्हणून आज एका गिरणीवाल्याबद्दल लिहितोय. जॉर्ज ग्रीन. जन्म १७९३, इंग्लंडातलं नॉटिंगहॅम. बाप बेकरीवाला. पुढं बापानं गावाला लागून स्नेंटनला पिठाची पवनचक्की बांधली. पोरगं आठव्या वर्षी शाळेत गेलं, जेमतेम वर्षभर टिकलं, आणि नवव्या वर्षी बापाच्या बेकरीत कामाला लागलं. त्यानंतर पीठ, पोती आणि वारा. १८२३ साली तो गावातल्या वर्गणीच्या लायब्ररीचा सभासद झाला. १८२८ साली त्यानं एक निबंध छापला. विषय : वीज आणि चुंबकत्वाच्या प्रश्नांना गणित कसं लावायचं. किंमत साडेसात शिलिंग. आगाऊ नाव नोंदवणारे ५१ जण.

निबंधात होतं काय? ते कळल्याशिवाय पुढचं भांडण करण्यात अर्थ नाही. लोक नाव घेतात, टाळ्या पिटतात आणि आतलं काहीच वाचत नाहीत, ही खोड आपल्यातही आहेच.

चाळीत कपडे वाळत घालायची दोरी घ्या. लांबी ४ मीटर, ताण ४० किलो वजनाइतका. दोरीचं स्वतःचं वजन सोडून द्या. तिच्यावर कुठं शर्ट, कुठं ओली पँट, कुठं गोधडी. दोरीला कुठं किती झोळ पडेल? रोज कपडे वेगळे, म्हणजे रोज गणित नवं. ग्रीनची रीत सांगते, असं रोज मरू नका. एकदाच एक काम करा. दोरीच्या एकाच बिंदूवर एकच किलो टांगा आणि बाकी सगळ्या दोरीला किती झोळ पडतो ते काढून ठेवा. मग कितीही कपडे येऊ द्या. प्रत्येकाचा झोळ त्याच्या वजनाच्या पटीत घ्या आणि बेरीज करा. संपलं.

टोकापासून १ मीटरवर १ किलोचा शर्ट टांगला, तर मधोमध, म्हणजे २ मीटरवर, दोरी १२.५ मिलिमीटर खाली येते. मधोमध २ किलोची ओली पँट टांगली, तर तिच्यामुळं तिथंच ५० मिलिमीटर. दोन्ही टांगले की मधोमध एकूण झोळ ६२.५ मिलिमीटर. झोळ लांबीच्या मानानं थोडा आहे तोवर ही बेरीज चालते. ते एका बिंदूवरच्या एका किलोचं उत्तर आहे ना, त्यालाच पुढं जगानं ग्रीनचं फंक्शन म्हटलं. ग्रीननं स्वतः दोरी घेतली नव्हती, विजेचा भार घेतला होता. पण मेख तीच. पसरलेल्या गुंत्याचे बिंदू करायचे, एका बिंदूचं उत्तर काढायचं आणि मग बेरीज.

आता ह्यातली आणखी एक गंमत बघा. १ किलो १ मीटरवर टांगला तर २ मीटरवर १२.५ मिलिमीटर झोळ. तोच किलो उचलून २ मीटरवर टांगला, तर १ मीटरवर किती? तेवढाच, १२.५. मी तुझ्यावर जेवढा, तेवढाच तू माझ्यावर. दोरीला सोवळंओवळं कळत नाही. माणसांनी बांधलेल्या उतरंडीत मात्र वरून खाली सगळं येतं आणि खालून वर काही जात नाही. तो निसर्गाचा नियम नाही, माणसाची लबाडी आहे.

दोरीवरची ही रीत पुढं पूल, तबला, भूकंपाची लाट आणि थेट इलेक्ट्रॉनपर्यंत गेली. १९६५ साली टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन ह्यांना इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाच्या व्यवहाराच्या गणिताबद्दल नोबेल मिळालं. त्यातल्या श्विंगरचं मुख्य हत्यारच ग्रीनचं फंक्शन. ह्याच ग्रीननं १८३७ साली उथळ कालव्यातल्या लाटांचं गणित मांडलं. रुंदी तीच राहिली आणि पाण्याची खोली १६ पटीनं कमी झाली, तर लाटेची उंची दुप्पट होते. ४००० मीटर खोलीवरची लाट २५० मीटरवर दुपटीची. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. असली लाट किनाऱ्याकडं येताना का वाढते, त्याचा पहिला हिशेब आजही ह्याच नियमानं करतात.

आणि ह्या माणसाच्या निबंधाचं काय झालं? काही नाही. धूळ खात पडला. केंब्रिजला विल्यम हॉपकिन्स नावाचा नामांकित शिकवणीवाला होता, परीक्षेत पोरांना वरचे नंबर काढून देणारा. त्याच्या खोलीत निबंधाच्या प्रती पडून होत्या. १८४५ साली विल्यम थॉमसन नावाचा त्याचा विद्यार्थी हा निबंध शोधत फिरत होता, तेव्हा त्या हॉपकिन्सकडून बाहेर निघाल्या. थॉमसननं त्या पॅरिसला नेल्या, तिथल्या गणित्यांना दाखवल्या, आणि मग १८५० ते १८५४ ह्या काळात निबंध बर्लिनच्या क्रेलच्या नियतकालिकात छापून आला. ग्रीन १८४१ सालीच मेला होता, ४७ व्या वर्षी. आपण कशाचा पाया घातलाय हे जगाला कळलेलं त्यानं पाहिलं नाही.

आता कुणी म्हणेल, बघा, गरीब पोरगं, शाळा नाही, काही नाही, तरी केवढं मोठं झालं! मेरिट कुठंही उगवतं! राखीव जागा कशाला पाहिजेत! थांबा. ग्रीन गरीब नव्हता. त्याच्याकडं गिरणी होती. गिरणीत राबायला माणसं होती. १८२९ साली बाप वारल्यावर मिळकत हातात आली. लायब्ररीची वर्गणी भरण्याइतका पैसा होता. एडवर्ड ब्रॉमहेड नावाचा गणित जाणणारा जमीनदार पाठीशी उभा राहिला, तेव्हा १८३३ साली, चाळिशीत, ग्रीन केंब्रिजला गेला. १८३७ च्या परीक्षेत चौथा आला. १८३९ साली फेलो झाला. आणि जेन स्मिथ होती, गिरणीच्या मुकादमाची पोरगी. ग्रीनची सात लेकरं तिनं जन्माला घातली. लग्न झालंच नाही. केंब्रिजच्या फेलोनं लग्न करायचं नाही असा कायदाच होता. ग्रीनचं नाव समीकरणावर आहे. जेनचं नाव कशावर आहे?

त्याच केंब्रिजमध्ये सरकारी चर्चबाहेरच्या माणसाला १८५६ पर्यंत पदवी मिळत नव्हती. बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. मेरिट मेरिट म्हणतात ते हेच. आधी दाराला कुलपं लावायची आणि मग आत बसलेल्यांची हुशारी मोजायची.

तेव्हा ग्रीनच्या गोष्टीतून चमत्कार काढू नका, हिशेब काढा. पुस्तक, वेळ, पोटाची सोय आणि वाचलेलं ज्याच्याशी बोलता येईल असा एक तरी माणूस. एवढं मिळालं की जेमतेम वर्षभर शाळा पाहिलेला गिरणीवालाही जगाचं गणित बदलतो. एवढं न मिळता किती ग्रीन पोत्याखालीच मेले असतील, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. आपल्याकडं तर अख्ख्या जातीच्या जाती पोत्याखाली होत्या.

बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, ते नुसतं आर्ट्सचं नव्हतं, त्यात सायन्सही होतं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाण्याचं नि विजेचं खातं त्यांच्याकडं होतं. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळातली. पाटबंधाऱ्यांचा मध्यवर्ती आयोग १९४५ सालचा. धरण म्हणजे भिंतीवर पाण्याचा दाब, वीज म्हणजे फिरणारं चाक. हे खातं चालवणाऱ्या आपल्या बापानं तज्ज्ञांपुढं मान खाली घातली नाही. आपण का घालायची?

उद्या आपली वस्ती उठवायला कुणी नकाशा घेऊन येईल. म्हणेल, पूररेषा इथून जाते, पूल इथंच व्हायला पाहिजे, आकडे तसं सांगतात. तेव्हा ते आकडे उलटे तपासणारा आपला माणूस हवा. घोषणा तर हवीच. पण समीकरणावर घोषणा आपटून फुटत नाही, समीकरणाला समीकरणच लागतं.

म्हणून मागणी दोन्हीकडं करायची. सरकारकडं : रात्री उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका, वेळेवर स्कॉलरशिप, मराठीतून वरच्या गणिताची धड पुस्तकं. आणि स्वतःकडं : शाखेत आठवड्यातून एक संध्याकाळ गणिताची. दोरीपासून सुरू करा, कॅल्क्युलसपर्यंत जा. ज्याला येतं त्यानं शिकवावं, ज्याला येत नाही त्यानं न लाजता विचारावं. पोरींना पहिल्या बाकावर बसवा. आणि इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलेल्या आपल्याच भावांनो, तुमच्या कपाटात जुनी पुस्तकं पडून असतील, हॉपकिन्सच्या खोलीतल्या प्रतींसारखी. ती रद्दीत घालू नका. शाखेत आणून द्या.