कानाला एक, अर्थाला दोन

घरांतील मुलांच्या इंग्रजी शुद्धलेखनाच्या वह्या चाळल्या, तर तांबड्या शाईच्या खुणा ठराविक शब्दांवरच पुनःपुन्हां आढळतात. ‘सन’ म्हटल्यावर मुलगा सूर्य लिहितो आणि शिक्षकांना पुत्र हवा असतो. ‘वीक’ म्हणजे आठवडा कीं अशक्त, हाही घोटाळा नेहमींचाच. ‘अभ्यासांत लक्ष नाहीं’ असा निकाल देऊन वडील मंडळी मोकळी होतात. परंतु हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. असे घोटाळे दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांचे उपायही निराळे आहेत.

पहिल्या प्रकारचे शब्द खुद्द इंग्रजांच्या तोंडींही सारखेच आहेत. ‘नाइट’ म्हणजे रात्र आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार. दुसऱ्याच्या आरंभीं असलेलें ‘के’ हें अक्षर एके काळीं उच्चारलें जात असे. भेटणें आणि मांस या अर्थांचे दोन ‘मीट’ही पूर्वीं निराळ्या स्वरांनीं बोलत. १४७६ सालीं कॅक्स्टननें इंग्लंडांत छापखाना घातला. पुढें छापील अक्षरें हळूहळू स्थिरावलीं, उच्चार मात्र बदलत गेले. पीठ आणि फूल या अर्थांचे दोन ‘फ्लावर’ तर मुळांत एकच शब्द. दळणाचा उत्तम अंश तें त्याचें ‘फूल’! येथें कान कांहींच साह्य करीत नाहीं, वाक्यच करतें. म्हणून शुद्धलेखन घालतांना सुटा शब्द न सांगतां पुरें वाक्य सांगावें.

दुसऱ्या प्रकारचे शब्द आपल्या कानानें सारखे केलेले आहेत. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि वेदना. ‘टेस्ट’ म्हणजे परीक्षा आणि चव. ‘सेल’ म्हणजे शरीरांतील पेशी आणि दुकानांतील विक्री. इंग्रजी कानाला या जोड्या मुळींच सारख्या नाहींत. पहिल्यांत ‘ए’ आंखूड आहे, दुसऱ्यांत तो लांबून ‘इ’कडे झुकतो. मराठींत ‘ए’ एकच, आणि व्याकरणानें तो दीर्घ ठरविलेला. जो भेद मातृभाषेनें कानाला शिकविलाच नाहीं, तो मुलाला आपोआप कसा कळावा?

या बाबतींत नांदेड-लातूरकडील कुटुंबें भाग्यवान आहेत. देगलूर, धर्माबाद, किनवट या बाजूस तेलुगू आणि उदगीर, निलंगा या बाजूस कानडी कानांवर पडते. या दोन्ही भाषांत ऱ्हस्व ‘ए’ व दीर्घ ‘ए’ यांना स्वतंत्र अक्षरें आहेत. तेलुगूंत ऱ्हस्व ‘ए’नें ‘नेल’ म्हटलें तर महिना, दीर्घ ‘ए’नें म्हटलें तर जमीन. १९५६ पर्यंत या तिन्ही भाषा हैदराबाद राज्यांत एकत्र नांदल्या. पुढें सीमा आंखल्या गेल्या, पण शेजार तुटला नाहीं.

तेव्हां शेजारच्या तेलुगू काकूंना ‘नेल’ हा शब्द दोन्ही परींनीं म्हणावयास सांगावें आणि मुलांनीं डोळे मिटून महिना कीं जमीन तें ओळखावें. कान तयार झाला म्हणजे त्याच रीतीनें ‘पेन’ आणि ‘सेल’ यांच्या जोड्या घ्याव्या. दिवेलागणीनंतरचीं पांच मिनिटें पुरेत. ज्या भाषेला आपण घरीं कधीं कधीं हंसतों, तीच येथें गुरु होते, हेंही मुलांच्या ध्यानांत येईल.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवितात. म्हणजे ‘मंद’ हा शिक्का सहाव्या वर्षींच बसूं शकतो, आणि तो पुसावयास पुष्कळ वर्षें लागतात. वहीवर तांबडी खूण दिसली कीं रागावण्यापूर्वीं एवढेंच पाहावें : चूक मुलाच्या लक्षाची आहे, इंग्रजीच्या इतिहासाची आहे, कीं आपल्या सर्वांच्या कानाची?