डोकं घरी ठेवून?

‘हा डोकं घरी ठेवून बघायचा सिनेमा आहे.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, पुष्कळांनी म्हटलंही असेल. मला त्याची चीड येते. सिनेमाला सरळ शिव्या घालणारा माणूस परवडला. हा गृहस्थ मात्र तिकीट काढून दोन-अडीच तास मजेत बसतो, टाळ्या पिटतो आणि बाहेर आल्यावर चारचौघांत अब्रू राखायला डोकं गैरहजर असल्याचा दाखला सादर करतो. मी सरकारी कारकून. असले दाखले रोज बघतो, म्हणून लगेच ओळखू येतात.

तर मंडळी, विषय आहे तो परग्रहावरून आलेल्या तबकड्या, चवताळलेले यंत्रमानव आणि शेवटच्या सेकंदाला थांबणारं बॉम्बचं घड्याळ, यांच्या सिनेमांचा. मला ते आवडतात. कथा कुठे जाणार हे ठाऊक असूनही आवडतात, आणि बघताना डोकं माझ्या खांद्यांवरच असतं.

हे आत्ता लिहायचं निमित्त बडोद्याचं. तिथल्या दांडिया बाजारात आमचे एक नातलग राहतात, तीन-चार पिढ्यांचे बडोदेकर. त्यांच्याकडे गेलो तेव्हा घरातली पोरं हिंदीत डब केलेला ‘इंडिपेन्डन्स डे’ बघत होती. मीही बसलो. नायक परग्रहवासीयाला ठोसा लगावतो तिथे आम्ही सगळे ओरडलो. तेवढ्यात एक वयस्कर पाहुणे म्हणाले, ‘सयाजीरावांच्या बडोद्यात, मराठी घरात, हे असलं बघायचं?’ पोरांनी मुकाट्यानं टीव्ही बंद केला. पाहुणे वयानं मोठे, त्यामुळे तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं. उत्तर इथे देतो.

सयाजीरावांच्याच बडोद्याचं घेऊ. १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू झालं. त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण तिथे चित्रकला आणि छायाचित्रण शिकला. पुढे याच शहरात त्यांनी फोटोचा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली आणि धंदा बसला. (अहो, ही तर एका विज्ञानपटाची कथाच झाली!) मग फाळक्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं प्रयोग करू लागले.

हाच पडदे रंगवणारा जादूगार १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ करतो. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्याचा मारुती आकाशातून उडतो. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्याचीच मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन पाण्याखाली नागाशी झुंजते. प्रेक्षकांनी गर्दी केली ती काय शेवट ठाऊक नव्हता म्हणून? कालिया हरणार हे प्रत्येकाला आजीनं सांगून ठेवलेलं होतं. तो कसा हरतो ते डोळ्यांनी बघायचं होतं. तिकडे फ्रान्समध्येही तेच. चंद्राच्या डोळ्यात यान रुतवणारा १९०२ चा ‘अ ट्रिप टू द मून’ करणारे जॉर्ज मेलिएस मूळचे जादूगारच. विज्ञानपट जन्मला तो जादूगाराच्या पोतडीतून. प्रयोगशाळेशी त्याचं नातं नंतरचं.

आपल्या गोव्यात तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. पेडण्याकडच्या जत्रांत रात्रभर दशावतार बघणारी आपण माणसं. जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ असा शब्द दिसला की गर्दी आणखी वाढते. राक्षस गर्जत येणार, पखवाज-झांज कडाडणार, देव त्याला मारणार, पहाटे दहीकाला होणार. यात अनपेक्षित काहीच नाही. तरी पहिल्या रांगेतला म्हातारा उजाडल्यावर सांगतो की अमक्याचा राक्षस तमक्यापेक्षा सरस. तो डोकं घरी ठेवून आलेला नसतो, आयुष्यभरात पाहिलेले पन्नास राक्षस डोक्यात घेऊन आलेला असतो. साचा पाठ असतो म्हणूनच त्याला बारकावा कळतो.

मी तबकड्यांचे सिनेमे बघतो ते असेच. १९९६ च्या ‘इंडिपेन्डन्स डे’त व्हाइट हाऊस उडतं ना, त्यासाठी खरोखरची प्रतिकृती बांधून उडवली होती. तो स्फोट आजही जुना वाटत नाही तो त्यामुळे. शास्त्रज्ञाचं आधी कुणी ऐकत नाही, दारुडा वैमानिक प्राण देतो, कुत्रा मात्र वाचतो. सगळं ठरल्याप्रमाणे. आणि शास्त्रज्ञ थेट राष्ट्राध्यक्षांपुढे जाऊन उभा राहतो, मध्ये ‘योग्य त्या मार्गे सादर करावे’ असा शेरा कुणी मारत नाही, याचा माझ्यासारख्याला जो आनंद होतो तो काय सांगावा!

‘पण यातलं विज्ञान चुकीचं आहे,’ असं म्हणतात. मान्य. लॅपटॉपवरून परग्रहाच्या संगणकात व्हायरस घालता येत नाही. पण ते कळायला डोकंच लागतं आणि ते कळतं म्हणूनच हसू येतं. नेटकी विज्ञानकथा हवी असेल तर जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ आहे. मीही आवडीनं वाचतो. सोलकढी आवडणाऱ्यानं गाड्यावरचं रोस ऑम्लेट खाऊ नये असा नियम कुणी केला?

सगळेच असले सिनेमे चांगले, असं मी म्हणत नाही. अमेरिकेनं जग वाचवल्याची फुशारकी मलाही बोचते. आळशी सिनेमे तर ढिगानं आहेत. राक्षस आणायचा आणि तो अंधारात ठेवायचा, कोण कुणाला मारतंय त्याचा पत्ता नाही. त्यांना अवश्य झोडा. पण झोडायचं तर आधी नीट बघावं लागतं. ‘जातच हलकी’ म्हणून पंगतीतून उठवणं याला समीक्षा म्हणत नाहीत.

यात नुकसान होतं ते मराठीचं. महेश कोठारे यांनी १९९० मध्ये ‘धडाकेबाज’ केला, १९९३ मध्ये ‘झपाटलेला’. लोकांनी डोक्यावर घेतले. तात्या विंचू हा बाहुला आजच्या पोरांनाही ठाऊक आहे. पण ही वाट पुढे रुंद झाली नाही. पैसा नसतो हे कारण खरंच आहे. पण फाळक्यांकडे तरी कुठे होता? पत्नीचे दागिने गहाण पडले होते. दुसरं कारण आपली नजर. गंभीर ते मराठीत आणि मौजेचं ते दुसऱ्या भाषेत, अशी वाटणी आपणच करून ठेवलीय. मग पोरं ओरडतात, घाबरतात, खिदळतात ती हिंदीत नाहीतर इंग्रजीत, आणि मराठी त्यांच्या वाट्याला येते ती उपदेशापुरती. नंतर भाषा टिकत नाही म्हणून परिसंवाद भरवायला आपण मोकळे!

असो. ज्यांना असे सिनेमे आवडत नाहीत त्यांनी खुशाल बघू नयेत. ज्यांना आवडतात त्यांनी मात्र यापुढे डोकं घरी होतं अशी सबब सांगू नये. कुठला राक्षस सरस होता, कुठला फुसका निघाला आणि का, ते चारचौघांत मोठ्यानं सांगावं. आणि मराठीत सांगावं.