पालकांचा वर्ग कोणी घ्यावा?

"पालक शाळेकडे फिरकत नाहीत," ही तक्रार आम्हां शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षे ऐकू येते. सभेचे पत्र घरी जाते, सही होऊन परत येते, आणि सभेच्या दिवशी पाच-सहा माता मागच्या बाकांवर बसलेल्या दिसतात. लगेच निष्कर्ष निघतो की आपल्या लोकांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नाही. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. ज्या घरात पोटाला चिमटा घेऊन दर महिन्याला ट्यूशनचे पैसे बाजूला काढले जातात, त्या घराला आस्था नाही असे कोण म्हणेल? आस्था आहे, पण काय करावे हे त्यांना कोणी दाखविलेले नाही. मुलाला घरी मदत कशी करावी, हीदेखील शिकण्याची व शिकविण्याची गोष्ट आहे. ती शिकविण्याचे काम शाळेने आणि समाजाने अंगावर घेतले पाहिजे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

या बाबतीत दूरच्या एका बेटाकडे पाहण्यासारखे आहे. आयर्लंडही आपल्यासारखाच इंग्रजांच्या राज्यातून सुटलेला, आणि पूर्वजांची भाषा घराघरांतून निसटताना पाहिलेला देश. त्याच्या राजधानीच्या, म्हणजे डब्लिनच्या, पश्चिमेस क्लोनडॉकिन नावाचे गाव आहे. तेथे हजार वर्षांहून जुना असा दगडी गोल मनोरा अजून उभा आहे. 1970 व 1980च्या दशकांत या गावाच्या उत्तरेला सरकारी घरांच्या मोठ्या वसाहती झाल्या. माणसे राहावयास आली. रोजगार व सोयी मात्र मागे राहिल्या. गावातील जुनी कागद गिरणीही त्याच सुमारास बंद पडली. अशा वस्तीत मुले अभ्यासात मागे पडली की जगात सगळीकडे एकच घडते: शाळा घराला बोल लावते आणि घर शाळेला.

आयर्लंडच्या शिक्षण खात्याने 1990 साली यावर एक उपाय काढला. गरीब वस्त्यांतील 55 प्राथमिक शाळांपासून आरंभ करून घर, शाळा व समाज यांना जोडणारी योजना सुरू केली. शाळेतील एका अनुभवी शिक्षकाला वर्गाच्या कामातून पूर्ण मोकळे करावयाचे. त्याचा वर्ग म्हणजे मुलांचे आईबाप. तो घरोघरी जातो, आणि तक्रार घेऊन जात नाही, ओळख करून घेण्यास जातो. शाळेत पालकांसाठी स्वतंत्र खोली असते. तेथे चहा मिळतो, आणि मुलाबरोबर वाचावे कसे, खेळातून गणित कसे शिकवावे, हे दाखविले जाते. ज्यांचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, त्यांच्यासाठीही वर्ग भरतात. एका शिक्षकाने हे काम जास्तीत जास्त पाच वर्षे करावे आणि मग पुन्हा वर्गावर जावे, असा नियम आहे. त्यामुळे घरांची ओळख घेऊन शिक्षक फळ्यापुढे परततो. पुढे ही योजना वाढत गेली आणि क्लोनडॉकिनच्या वस्त्यांतील शाळांतही आली.

याच गावच्या स्थानिक संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. लहान मुलांच्या आईबापांसाठी अमेरिकेत तयार झालेला 'इन्क्रेडिबल इयर्स' हा प्रशिक्षणवर्ग आयर्लंडमध्ये रुजविण्यात तिचा मोठा वाटा आहे. दर आठवड्याला दोन-अडीच तास, असे सुमारे तीन महिने दहा-बारा पालक एकत्र बसतात. शिकविले जाते ते अगदी साधे: रोज थोडा वेळ मुलाबरोबर त्याच्या कलाने खेळणे, चांगले केले तर नेमके काय चांगले केले ते बोलून दाखविणे, नियम थोडेच ठेवणे पण ते पाळणे. याचा उपयोग होतो काय, हे मेनूथ येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी 149 कुटुंबांत तपासले. काही कुटुंबांना वर्ग आधी दिला, काहींना थांबावयास सांगितले, आणि सहा महिन्यांनी तुलना केली. वर्गाला गेलेल्या घरांत मुलांचा हट्ट व दांडगाई कमी झाली आणि आईबापांच्या मनावरचा ताणही हलका झाला. हे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले.

आता आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट. क्लोनडॉकिनमध्ये आयरिश भाषेतून शिकविणाऱ्या शाळा आहेत. तेथील आयरिश माध्यमाचे माध्यमिक विद्यालय 1981 साली सुरू झाले. या मुलांच्या पुष्कळ घरांत बोलली जाते इंग्रजी. तेव्हा गावातील आयरिश सांस्कृतिक केंद्रात मोठ्या माणसांसाठीही भाषेचे वर्ग चालतात. मूल दिवसा शिकते, आईबाप संध्याकाळी. "आम्हांलाच येत नाही, मुलाला काय शिकवू?" या प्रश्नाला त्या गावाने दिलेले हे उत्तर आहे. आपल्याकडे मराठी शाळेत आहे आणि घरात क्रिओल. त्यामुळे मराठीची वही पुढे आली की आई ती हळूच मिटून ठेवते. तिला लाज वाटते. लाजेचे औषध उपदेश नव्हे, सोबत आहे.

पूर्वजांच्या महाराष्ट्रातही हा विचार रुजत आहे. तेथे 2022 साली 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे अभियान निघाले. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या मातांचे वस्तीवस्तीत गट केले गेले आणि घरच्याच वस्तूंनी मोजणे, निवडणे, ओळखणे असे खेळ त्यांना दाखविण्यात आले. कांदे-बटाटे मोजण्यास पदवी लागत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या बेटावर आईबाप कारखान्यात नाहीतर हॉटेलात पाळीने राबतात. त्यांना वर्गाला वेळ कोठला? आक्षेप खरा आहे. म्हणूनच वर्गाची वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे ठरली पाहिजे. जागा शाळेचीच हवी असे नाही. आपल्या बैठका व मंडळांची सभागृहे आठवड्यातील बरेच दिवस रिकामी असतात. वर्ग चालू असताना धाकट्या मुलांना सांभाळण्यास कोणी तरी हवे, आणि चार घास खावयास हवेत. नाहीतर आई येणारच नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी घरचा पाठ क्रिओलमध्ये बोलून टेलिफोनवर पाठविता येतो. भाजीची मराठी नावे, नात्यांची नावे, आजीच्या तोंडची एखादी गोष्ट, एवढ्यावर पहिली सहा महिने सहज निघतील. ज्या घरात आजी-आजोबा आहेत तेथे तर शिक्षक घरातच बसलेला आहे. त्यालाही बोलावून घ्या.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: हे काम आमच्या तासांत बसत नाही. बरोबर, आयर्लंडमध्येही ते फावल्या वेळात झाले नाही, त्यासाठी पगारी माणूस नेमावा लागला. आपल्या देशात 2003 साली मागे पडलेल्या शाळांसाठी प्राधान्य क्षेत्रांची योजना आली, तेव्हा शाळेला वस्तीशी जोडण्याचा विचार पुढे आलाच होता. शिक्षक-पालक संघांनी आणि आपल्या मराठी संस्थांनी मिळून सरकारकडे निदान काही शाळांसाठी असा एकेक शिक्षक मागावा.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. पालकांचे प्रशिक्षण म्हणजे शाळेची जबाबदारी घरावर लोटण्याची युक्ती होता कामा नये. वर्गात नीट शिकविले जात नसेल तर आईच्या दहा मिनिटांनी ती उणीव भरून निघणार नाही. घराने हात द्यावयाचा तो शाळेच्या हाताला. तिच्या बदली नव्हे.

येत्या सत्रात प्रत्येक गावच्या मंडळाने एकच करून पाहावे. दहा आईबाप, सहा संध्याकाळी, एक शिक्षक आणि एक खोली. आणि ज्या शिक्षकाला शक्य असेल त्याने एका घरी जावे, मुलाविषयी एक चांगली गोष्ट सांगावी आणि परत यावे. पुढच्या सभेला त्या घरातून कोणी येते की नाही, ते मग पाहावे.