फिकट अक्षरांचा प्रश्न

तलाठ्याने हाताने लिहिलेला सातबारा वाचताना केंदूरच्या शेतकऱ्याला अडचण येई ती वळणाची. शाई मात्र ठसठशीत असे. २०१८ साली महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि दाखले, अनुदान, पीकविमा यांचे अर्जही पडद्यावर गेले. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट करडी अक्षरे उमटली, तर मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याला, अथवा भर उन्हात बांधावर उभे राहून स्वस्तातला मोबाईल न्याहाळणाऱ्याला ती दिसावीत कशी? संकेतस्थळ आखणारा सावलीत, उंची पडद्यासमोर बसलेला असतो. त्याला फिकटपणात सौंदर्य दिसते.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत मोजता येते. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर ती २१:१ भरते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २००८ सालीच नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ हे प्रमाण घालून दिले. नारिंगी बटणावरील पांढरी अक्षरे जेमतेम २:१ भरतात. लाल रंगावर ज्यांची निष्ठा आहे त्यांनीही ध्यानात घ्यावे, की पांढऱ्यावरील भडक लाल अक्षरे ४:१ च्या पुढे जात नाहीत!

शिवाय मंजूर अर्जापुढे नुसता हिरवा आणि नामंजूर अर्जापुढे नुसता लाल ठिपका दिला, तर ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत (स्त्रियांपेक्षा पुरुषांत असे लोक बरेच अधिक) त्यांना निकाल कळतच नाही. ठिपक्याशेजारी एक शब्द छापण्यास कितीसा खर्च येतो?

कायद्याची उणीव नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याखालील सुगम्यतेचा नियम शिफारशीच्या भाषेत लिहून सरकारने पळवाट ठेवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून सक्तीची मानके करण्यास बजावले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला गेला.

तेव्हा निविदेत ४.५:१ हा आकडा लिहिला आहे काय, हे कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या कचेरीत विचारले पाहिजे. रंग आरंभीच नीट निवडले तर जादा दमडी लागत नाही. मागाहूनच्या दुरुस्तीचे बिल जनतेच्या माथी बसते. केंदूरच्या ग्रामसभेने असा ठराव करावा, की ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळाचे पैसे अदा होण्यापूर्वी ते साठी उलटलेल्या चार ग्रामस्थांनी भर दुपारी, देवळाबाहेरच्या उन्हात, आपापल्या मोबाईलवर वाचून पाहावे.